पिशवी, रनर आणि खोका: मॉडेल किटमधल्या प्लॅस्टिकबद्दल वाचकांचे प्रश्न

मॉडेल किट मुळात प्लॅस्टिकचंच असतं, मग त्याभोवतीच्या चार पिशव्यांची काळजी कशाला, असं काही वाचकांनी विचारलं आहे. फरक आयुष्याचा आहे. जोडून रंगवलेलं विमान कपाटात वीस वर्षं राहतं, तर त्याची पिशवी खोका उघडल्यावर पाच मिनिटांत कचऱ्यात जाते. या वेळची बरीच पत्रं या पाच मिनिटांच्या प्लॅस्टिकबद्दल आहेत. रनर म्हणजे किटचे भाग जिला जोडलेले येतात ती दांड्यांची प्लॅस्टिक चौकट. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न: मध्यम आकाराच्या किटमध्येही आठ-दहा पिशव्या निघतात. कंपन्यांनी त्या सरसकट बंद केल्या तर काय बिघडेल?

सरसकट बंद केल्या तर बिघडेल. निम्म्या केल्या तर बहुधा कोणाच्या लक्षातही येणार नाही. कोणती पिशवी काय काम करते ते आधी पाहू.

सगळ्यात गरजेची पिशवी टायरची. मऊ व्हायनिलचे टायर आणि रणगाड्यांचे व्हायनिल पट्टे यांत प्लॅस्टिक मऊ ठेवणारं तेलकट द्रव्य मिसळलेलं असतं. ते हळूहळू बाहेर येतं आणि शेजारच्या भागांच्या पॉलिस्टायरीनला विरघळवतं. असे टायर पंखावर किंवा दरवाजावर टेकून काही वर्षं पडून राहिले, तर त्या जागी टायरच्या नक्षीचा चिकट खड्डा पडलेला दिसतो. इथे कागदी पाकीट चालत नाही, कारण ते द्रव्य कागदातून झिरपतं. पॉलिथिलीनची किंवा पॉलिप्रॉपिलीनची पिशवीच हवी.

डेकलच्या, म्हणजे पाण्यात भिजवून मॉडेलवर उतरवायच्या छापील चित्र-अक्षरांच्या, पिशवीचंही तसंच. डेकलच्या कागदावर पाण्यात सुटणारा गोंद असतो. हवेतली आर्द्रता तो शोषतो आणि वरच्या पातळ झाकणकागदाला चिकटून बसतो. मग कागद उचलताना अक्षरंही उचलली जातात. एक पिशवी इथेही कारणी लागते.

पारदर्शक भागांना मात्र संरक्षण हवं, ते प्लॅस्टिकचंच असायला हवं असं नाही. कॉकपिटची कॅनोपी कडक आणि ठिसूळ असते. शेजारच्या रनरचं टोक घासलं की ओरखडा पडतो. गुळगुळीत ग्लासिन कागदाच्या पाकिटाने तेच काम होतं. फोटोएचच्या, म्हणजे रसायनाने कोरून काढलेल्या बारीक भागांच्या, पितळी पत्र्याला तर पिशवीपेक्षा पाठीला ताठ पुठ्ठा लागतो; पत्रा घासून खराब होत नाही, वाकून होतो.

उरल्या साध्या रनरच्या पिशव्या. एका रंगाच्या चार रनरना चार पिशव्या देण्यामागे दोन कारणं सांगतात: भाग एकमेकांवर घासू नयेत आणि वाहतुकीत सुटलेला बारीक भाग हरवू नये. पहिलं कारण क्रोम मुलामा दिलेल्या भागांना आणि चकचकीत मोटारींच्या बॉडीला लागू आहे. रंगवायच्याच असलेल्या राखाडी रणगाड्याला त्याचं काय? दुसरं कारण खरं आहे, पण त्यासाठी दोन-तीन रनर मिळून एक पिशवी पुरते. पथ्य एकच: जाड, वजनदार रनर आणि अँटेना-दांड्यांसारख्या नाजूक भागांचा रनर एकत्र घालू नये. खोका हलला की जाड रनर नाजूक दांड्या मोडतो.

लेगोने 2020 मध्ये खोक्यांच्या आतल्या प्लॅस्टिक पिशव्यांच्या जागी कागदी पिशव्या आणण्याचं जाहीर केलं. त्याचा दाखला बऱ्याच पत्रांत आहे. पण तिथे विटा सुट्या असतात, त्या गटागटाने वेगळ्या ठेवायला पिशवी लागतेच. मॉडेल किटमध्ये भाग धरून ठेवायचं काम रनर आधीच करतो. म्हणून इथे पिशवी कशाची आहे यापेक्षा किती आहेत, हा प्रश्न आधी सोडवायला हवा.

प्रश्न: पिशव्या गेल्या तर एका किटमागे किती कचरा वाचेल?

हिशेब सोपा आहे. 25 बाय 35 सेंटिमीटरची, 30 मायक्रॉन जाडीची पॉलिप्रॉपिलीन पिशवी घ्या. दोन्ही बाजू धरून तिचं वजन पाच ग्रॅमच्या आत भरतं. आता 3 मिलिमीटर व्यासाचा गोल रनर एक मीटर लांब धरला, तर त्याचं वजन सव्वासात ग्रॅमच्या वर जातं. वहीएवढ्या एका चौकटीत एक-दीड मीटर रनर सहज असतो. थोडक्यात, भाग कापून घेतल्यावर उरलेली रिकामी चौकट तिच्या पिशवीच्या दीडपट ते दुप्पट वजनाची निघते.

शंका असेल तर ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या. किट संपल्यावर पिशव्या, रनर, ट्रे आणि पुठ्ठा वेगवेगळे तोला. पिशव्या फुगून दिसतात, म्हणून नजर तिकडे जाते. वजन रनरचं असतं. पिशव्या कमी करायला सोप्या आहेत, त्या कराव्यातच; पण ‘पिशव्या गेल्या, किट पर्यावरणस्नेही झालं’ अशी जाहिरात दिसली तर हा काटा आठवावा.

रनरवर काही झालंच नाही असं नाही. बंदाई नामको समूहाने 2021 मध्ये जपानमध्ये गनप्लाचे (गनडॅम रोबोंच्या मॉडेल किटांचे) रिकामे रनर परत गोळा करायला सुरुवात केली. टाकाऊ प्लॅस्टिकपासून केलेली त्यांची ‘इकोप्ला’ किटं काळ्या रंगाची असतात. त्यात नवल नाही. लाल, निळे, पिवळे रनर एकत्र वितळवले की मातकट राखाडी रंग येतो आणि तो झाकायला काळाच बरा पडतो.

प्रश्न: कोणता तुकडा कोणत्या प्लॅस्टिकचा, हे घरच्या घरी कसं ओळखायचं?

आधी रनरवरची चपटी पट्टी पाहा. तिथे बऱ्याचदा दोन कोनी खुणांमध्ये पीएस, एबीएस, पीई किंवा पीपी अशी अक्षरं उठवलेली असतात. पीएस म्हणजे पॉलिस्टायरीन, पीई म्हणजे पॉलिथिलीन, पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. सांध्यांच्या रबरी टोप्या पीई असतात. हलत्या सांध्यांचे कडक भाग एबीएस असू शकतात.

खूण नसेल तर पाण्याची चाचणी करा. पेलाभर साध्या पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाका. नखाएवढा तुकडा बुडवून काडीने हलवा. साबण नसेल किंवा तुकड्याला हवेचे बुडबुडे चिकटले असतील तर जड तुकडाही तरंगतो आणि निष्कर्ष उलटा निघतो. नीट भिजवूनही जो वर येतो तो पीई किंवा पीपी. बुडाला तर दुसऱ्या पेल्यात 200 मिलिलिटर पाण्यात 30 ग्रॅम मीठ पूर्ण विरघळवून त्यात टाका. तिथे पॉलिस्टायरीन आणि एबीएस वर येतात. व्हायनिल आणि ब्लिस्टरचं (साचेदार पारदर्शक वेष्टनाचं) पीईटी तळालाच राहतं.

पॉलिस्टायरीन की एबीएस, हे वाकवून कळतं. पॉलिस्टायरीनचा रनर थोडा वाकून कट्कन तुटतो. एबीएसचा पांढरा पडत वाकत राहतो. पिशव्यांमध्ये हाताला कडक लागणारी, कुरकुर वाजणारी, एकदा कात्री लागली की सरळ फाटत जाणारी ती पॉलिप्रॉपिलीन. मऊ, किंचित दुधी आणि ताणली तर लांबणारी ती पॉलिथिलीन.

प्रश्न: रनर स्वच्छ, एकाच प्लॅस्टिकचा असतो. तरी पुनर्वापर केंद्रं तो का नाकारतात?

कारणं तीन. कचरा वेगळा करणाऱ्या यंत्रात आधी चाळण असते. बारीक वस्तू तिच्यातून खाली पडतात आणि काच-मातीच्या ढिगात जातात. रनरचे तुकडे नेमके तिथेच जातात. दुसरं, प्रकाशाच्या परावर्तनावरून प्लॅस्टिक ओळखणाऱ्या यंत्राला कार्बनने काळा केलेला रनर दिसतच नाही, कारण तो प्रकाश गिळून टाकतो. तिसरं, 6 क्रमांकाच्या पॉलिस्टायरीनला बाटल्यांच्या प्लॅस्टिकसारखा हक्काचा खरेदीदार नाही.

म्हणून द्यायचेच असतील तर पॉलिस्टायरीन घेणाऱ्या केंद्राला आधी विचारून, एकगठ्ठा द्यावेत. मॉडेल मंडळाने एक मोठा डबा ठेवला तर हे जमतं. रनर तुकडे न करता चौकटीसकट ठेवा. रंग किंवा प्रायमर लागलेले, पीई टोप्या असलेले आणि क्रोमचे रनर वेगळे काढा. असे चार रनरही मिसळले तरी अख्खा डबा परत येऊ शकतो.

प्रश्न: रनर विरघळवून पुट्टी करतात असं वाचलं. प्रमाण काय? आमची पुट्टी दोनदा खचली.

प्रमाण सांगतो, आणि खचण्याचं कारण त्या प्रमाणातच आहे. 10 मिलिलिटर पातळ प्लॅस्टिक सिमेंटला (प्लॅस्टिक विरघळवून जोडणाऱ्या गोंदाला) 3 ग्रॅम रनर घ्या. 3 मिलिमीटरच्या रनरची लांबी सुमारे 40 सेंटिमीटर भरेल. रनर साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा, 3-4 मिलिमीटरचे तुकडे करा आणि काचेच्या बाटलीत सिमेंटमध्ये टाका. झाकण घट्ट लावून रात्रभर ठेवा, सकाळी काडीने ढवळा. बाटली हलवून मिसळू नका. बुडबुडे अडकतात आणि घासल्यावर टाचणीच्या टोकाएवढी भोकं उघडी पडतात. मिश्रण मधासारखं ओघळायला हवं. फटीसाठी घट्ट हवं असेल तर आणखी 2 ग्रॅम रनर घाला.

मधासारख्या मिश्रणात वजनाने पाऊण भाग द्रावक असतो आणि तो उडून जातो. म्हणजे भरलेल्या जाडीपैकी बरीच जाडी बसणारच. एका दमात फट भरून दुसऱ्या दिवशी घासली की वरून सपाट दिसतं, पण आत द्रावक शिल्लक असतो. रंग दिल्यावर तोही उडतो आणि फटीची रेघ पुन्हा वर येते. तुमच्या पुट्टीचं बहुधा असंच झालं असावं. पातळ थर द्या, प्रत्येक थराला किमान 24 तास द्या आणि जाड भरावाला शेवटच्या थरानंतर दोन-तीन दिवस. पहिला भराव कडेपेक्षा किंचित उंच ठेवा.

एक मिलिमीटरपेक्षा पातळ भागावर हे मिश्रण लावू नका. द्रावक आरपार जातो आणि पंखाचा पत्रा आत दबतो. पीई आणि पीपीचे रनर यात विरघळत नाहीत. एबीएस टाकायचा मोह टाळा. सिमेंट कोणतं आहे त्यानुसार तो कधी विरघळतो तर कधी नुसता लिबलिबीत होतो. त्याच किटचा रनर वापरल्याचा एक फायदा असा, की भरावाचा रंग आणि कडकपणा मूळ भागासारखाच असतो. त्यामुळे घासताना कड एकसारखी झिजते. बाजारातल्या मऊ पुट्टीत हे सुख नाही. काम हवेशीर जागी आणि ज्योतीपासून लांब करा.

प्रश्न: रनर ओव्हनमध्ये वितळवून त्याच्या पट्ट्या किंवा ठोकळे करता येतील का?

करू नका. पॉलिस्टायरीन सुमारे 100 अंश सेल्सिअसला मऊ होतं, पण ओतण्याजोगं व्हायला त्याच्या बरंच वर जावं लागतं, आणि घरगुती ओव्हनचा तापलेला तळ ठिकठिकाणी वेगळा असतो. जिथे जास्त तापतं तिथे प्लॅस्टिक सुटू लागतं आणि स्टायरीनची वाफ निघते. ज्या ओव्हनमध्ये अन्न शिजतं तिथे तर हा विषयच नको.

उष्णतेने करण्यासारखी एकच गोष्ट आहे: ताणलेला रनर. 10 सेंटिमीटरचा तुकडा मेणबत्तीच्या ज्योतीच्या टोकापासून एक-दीड सेंटिमीटर वर धरून फिरवत राहा. मध्यभाग चकाकून खचू लागला की ज्योतीपासून बाजूला घ्या, मनात एक अंक मोजा आणि ओढा. झटक्यात ओढला तर केसाएवढी तार, सावकाश ओढला तर जाड. धूर दिसला म्हणजे तुकडा जळाला. तो टाकून द्या. अँटेना, दोर आणि पकडदांडे यातून होतात. पारदर्शक रनर ताणून त्याची चकती कापली की दिव्याची भिंग मिळते.

प्रश्न: आम्ही थ्रीडी प्रिंट केलेले रेझिन संच थोड्या संख्येने बनवून टपालाने पाठवतो. बबल रॅप सोडून पाहिलं तर भाग मोडले. पर्याय काय?

भाग दोन कारणांनी मोडतात: आत हलल्याने किंवा खोका दबल्याने. बबल रॅप पहिल्याला अडवतं, दुसऱ्याला थोडंच. तेव्हा सुरुवात खोक्यापासून करा. नालीदार पुठ्ठ्याचा खोका घ्या. आतलं माप संचाच्या मापापेक्षा प्रत्येक बाजूला 15-20 मिलिमीटर जास्त, याहून मोठं नको. खोका मोठा घेतला की भराव वाढतो, आणि वाटेत भराव दबला की संच हलू लागतो. घाईच्या दिवशी हाताला लागेल तो मोठा खोका उचलला जातो, तिथेच सगळं फिसकटतं.

प्रिंटच्या खालचे आधार कापू नका. तो पिंजराच बारीक भागांचं सगळ्यात चांगलं पॅकिंग आहे. त्याचा सपाट तळ पुठ्ठ्यात कापलेल्या खाचेत बसवा म्हणजे तो सरकणार नाही. मात्र प्रिंट पूर्ण धुतलेला आणि प्रकाशात पूर्ण पक्का झालेला हवा. चिकट राहिलेल्या रेझिनला कागदाचे तंतू चिकटतात, आणि कच्चं रेझिन त्वचेला त्रासदायक असल्याने ते ग्राहकाच्या हातात जाता कामा नये.

सुटे बारीक भाग ग्लासिन पाकिटात घालून तोंड दोनदा दुमडा आणि कागदी चिकटपट्टी लावा. स्टेपल नको, पिन भागात घुसते किंवा पुढे गंजते. जड ठोकळे आणि बारीक भाग यांच्यामध्ये पुठ्ठ्याची आडवी भिंत द्या. मोकळ्या जागेत चुरगळलेला तपकिरी कागद भरा. कागदाच्या बारीक पट्ट्यांचा भुसा देखणा दिसतो खरा, पण प्रवासात बसतो, वर पोकळी सोडतो आणि नाजूक भागांत गुंतून काढताना तेच मोडतो. डेकल आणि सूचनापत्रक मिळून एक झिप पिशवी ठेवा, पार्सल भिजलं तर उपयोगी पडते. संचामागे प्लॅस्टिक एवढंच.

आता चाचणी. बंद खोका कानाशी धरून हलवा. आवाज आला तर भराव कमी आहे. मग एक संच बळी द्यायची तयारी ठेवून तो कडक फरशीवर 76 सेंटिमीटरवरून दहा वेळा टाका: आधी एक कोपरा, मग त्याच कोपऱ्याला मिळणाऱ्या तीन कडा, मग सहाही बाजू. दहाही वेळा झाल्यावरच उघडा. दर वेळी उघडून नीट लावलंत तर चाचणीला अर्थ राहत नाही. काय मोडलं यापेक्षा कुठे मोडलं ते पाहा. दांडी आधाराजवळ मोडली असेल तर आधार कमी आहेत. मध्येच मोडली असेल तर तिच्यावर काहीतरी आदळलं आहे.

युरोपीय संघात माल पाठवत असाल तर तिथल्या नव्या पॅकेजिंग नियमावलीकडे लक्ष असू द्या. ती 12 ऑगस्ट 2026 पासून लागू होते, आणि तिच्यानुसार 2030 पासून ऑनलाइन विक्रीच्या आणि वाहतुकीच्या खोक्यात रिकामी जागा निम्म्याहून जास्त चालणार नाही. कागदाचा भराव आणि बबल रॅप हेही रिकाम्या जागेतच धरले जातात.

प्रश्न: मग आपोआप कुजणाऱ्या पिशव्या घ्याव्यात का?

किटसाठी आमचं मत नको असं आहे. ‘हवेत तुटून नाहीसं होणारं’ म्हणून विकलं जाणारं ऑक्सो प्लॅस्टिक फक्त बारीक तुकड्यांत मोडतं. युरोपीय संघाने 2021 च्या जुलैपासून त्यावर बंदी घातली आहे. मक्यासारख्या पिकांपासून केलेलं पीएलए कुजतं, पण त्याला सुमारे 58 अंशांचा औद्योगिक कंपोस्टचा ढीग लागतो. घरच्या खतात ते तसंच पडून राहतं आणि साध्या पिशव्यांच्या पुनर्वापरात गेलं तर तो माल बिघडवतं. शिवाय किट कपाटात दहा-दहा वर्षं पडून असतं. दमट हवेत कमकुवत होणारी पिशवी तिथे टायर आणि डेकल कशी सांभाळणार? त्यापेक्षा साधी, एकाच प्लॅस्टिकची, त्याची खूण छापलेली पिशवी बरी. किट अर्धवट राहिलं तर ती पुन्हा कामाला येते.

प्रश्न: कंपनीला पत्र लिहायचं आहे. काय मागावं?

‘प्लॅस्टिक कमी करा’ असं लिहिलंत तर छापील आभारपत्र येईल. नेमकं लिहा: किटचा क्रमांक, पिशव्यांची संख्या, त्यांतल्या कोणत्या एकत्र करता आल्या असत्या. खोक्यावरच्या प्लॅस्टिक वेष्टनाच्या जागी दोन कागदी सील मागा. न उघडल्याची खात्री त्यानेही पटते. पिशवीवर प्लॅस्टिकची खूण मागा. आणि खोक्याचं माप आतल्या मालाला साजेसं मागा. 1950 च्या दशकात एअरफिक्स या ब्रिटिश कंपनीची छोटी किटं एका पिशवीत, वर घडी घातलेला कागद लावून विकली जात. तिथे परत जा असं कोणी म्हणत नाही, पण अर्धा रिकामा खोका केवळ फळीवर मोठा दिसावा म्हणून असतो, हे कंपनीलाही ठाऊक आहे.

प्रश्न: मोठ्या किटमधल्या थर्मोकोलचं काय करावं?

डायोरामाची, म्हणजे मॉडेल मांडायच्या छोट्या देखाव्याची, जमीन करा. थर्मोकोलही पॉलिस्टायरीनच, त्यामुळे स्प्रे प्रायमर आणि प्लॅस्टिक सिमेंट त्याला खातात. आकार कापून झाल्यावर पांढऱ्या पीव्हीए गोंदात थोडं पाणी मिसळून दोन हात द्या. कापलेल्या कडांवर तिसरा द्या, कारण दाण्यांमधल्या फटीतूनच द्रावक आत शिरतो. पूर्ण वाळल्यावर आधी ॲक्रिलिक रंग ब्रशने द्या. स्प्रे त्यानंतर, आणि तोही लांबून.